गव्हातला कोरा पट्टा

(दुधनी येथे सुगीच्या उपकारस्तुतीच्या सभेत केलेले भाषण)



मागच्या ऑक्टोबरच्या अंकात आम्ही आपल्याला एक विनंती केली होती. वस्तीवरच्या पारधी कुटुंबांचा गहू उगवला की नाकतोडे तो कुरतडून टाकतात, तेव्हा एक फवारणीचा पंप आणि औषध घेण्यासाठी मदत करावी, अशी. आपण मदत केलीत. कुणी शंभर रुपये दिले, कुणी हजार, आणि एका आजींनी आपल्या पेन्शनीतून पाकीट पाठवलं. त्या पैशातून आम्ही औषधाची फक्त एक लहान बाटली घेतली. बाकीचा पैसा कशाला गेला हे सांगायला मी उभी आहे. हिशेबाचा कागद खजिनदार नंतर वाचतील. कागदावर जे मावत नाही तेवढं मी बोलते.

आधी वस्तीविषयी. आपल्यापैकी पुष्कळांनी ती दुधनी स्टेशनकडे येताना गाडीतून पाहिली असेल, पण आत कुणी आलेलं नसेल. फासेपारधी ही अनुसूचित जमात. यांच्या आजा-पणजांनी फास लावून तितर-लावे धरले, आणि सरकारने त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. सोलापुरातली सेटलमेंट आपल्याला ठाऊक आहे, तिचं नाव अजून त्या भागाला चिकटून आहे. तो कायदा 1952 साली गेला. जमीन मात्र काही आपोआप आली नाही. आमच्या वस्तीवर ज्यांच्याकडे अर्धा-पाऊण एकर आहे ते नशीबवान. शेजारच्या विहिरीचं पाणी मिळालं तर गहू, नाहीतर ज्वारी. बाकीचे दुसऱ्यांच्या रानात रोजाने जातात, आणि रोजाच्या कामांत जे काम कुणाला नको असतं ते यांच्या वाट्याला येतं. फवारणी हे तसलंच काम.

आता नाकतोडा. आपल्या पवित्र शास्त्रात टोळधाडी पुष्कळ आहेत. योएल संदेष्ट्याने तर टोळांना चार वेगवेगळी नावं दिली. म्हणून आपल्या मनात नाकतोडा आला की टोळधाड येते. 2020 च्या मे महिन्यात खरे टोळ महाराष्ट्रात आले होते. मध्य प्रदेशातून अमरावतीच्या मोर्शी-वरुड भागात, तिथून नागपूरच्या काटोलकडे आणि पुढे भंडाऱ्याकडे. ते रात्री झाडांवर बसले की अग्निशमन दलाचे बंब नेऊन त्यांच्यावर फवारणी केली. त्या आठवड्यात मला इथून किती फोन आले! सोलापुरात काही ते आले नाहीत. टोळ हा वाळवंटातला, थवा करून शेकडो मैल जाणारा. आपल्या रानातला नाकतोडा कुठूनही येत नाही, तो इथलाच आहे. आपल्याकडचे कानडी बोलणारे शेतकरी त्याला मिडते म्हणतात. त्याचा बांध तोच, हरळी तीच, आणि अंडीही आपल्याच मातीत.

आपल्या या दख्खनच्या ज्वारीचा तर स्वतःचा एक नाकतोडा आहे, ज्याला पंखच नाहीत. म्हैसूर संस्थानात कीटकशास्त्रज्ञ म्हणून काम करणारे लेस्ली कोलमन नावाचे कॅनडाचे गृहस्थ होते, त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्याचा अभ्यास केला. 1910 साली बोलिव्हार या स्पॅनिश शास्त्रज्ञाने त्याला कोलमन साहेबांचंच नाव दिलं. बायका हसतात हे सांगितलं की. नाकतोड्याला आपलं नाव मिळावं असं कुणाला वाटेल? पण त्या अभ्यासात एक कामाची गोष्ट होती. हा कीडा वर्षातून एकदाच जन्मतो. मादी पावसाळा सरल्यावर जमिनीत अंडी घालते आणि मृगाच्या पावसानंतर ती फुटतात. म्हणजे मधले सहा-सात महिने तो मातीतच असतो, पळून जाऊ शकत नाही. उन्हाळी नांगरट केली की अंडी वर येतात, उन्हाने वाळतात, पाखरं वेचतात. गव्हाच्या कोवळ्या मोडावर येतो तो वेगळा, बुटका, ढेकळाच्या रंगाचा. ढेकळावर बसला तर हात लागेपर्यंत दिसत नाही. तोही बांधावरच्या गवतातून आत सरकतो, म्हणून बांधाकडचे दोन-चार तास आधी जातात आणि मधलं पीक शाबूत राहतं.

हे मला आधी माहीत नव्हतं. मी थिऑलॉजीचा डिप्लोमा केलेली बाई, मला वाटलं पंप घ्यावा, औषध घ्यावं, देवाचं नाव घेऊन मारावं.

आमची विनंती छापून आली आणि त्याच सुमारास वस्तीवरचा एक तरुण तुरीवर फवारणीच्या रोजाला गेला. दुपारचं ऊन, वारा समोरून. दुकानातून दोन बाटल्या आणलेल्या, दोन्ही एकात ओतलेल्या. माप म्हणजे बाटलीचं टोपण, आणि ढवळायला काडी नाही म्हणून हात. तोंडाला गमछा, तोही पंपाच्या गळतीने भिजलेला. चार वाजता तो बांधावर बसला तो उठलाच नाही. त्याच्या आईने मला बोलावलं तेव्हा तोंडातून लाळ येत होती, घामाने अंग चिंब होतं, आणि डोळ्यांची बुबुळं मोहरीएवढी झाली होती. त्याचे कपडे काढून अंग धुवायला हवं हे मला सुचलं नाही. आम्ही त्याला तसाच, त्या भिजलेल्या सदऱ्यात, गाडीवर मध्ये धरून नेला. डॉक्टरांनी पहिलं वाक्य तेच बोललं, सदरा का काढला नाही. त्यांनी अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं दिली. चौथ्या दिवशी तो घरी आला. देवाची कृपा. 2017 च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर असेच गेले आणि शेकडो जण दवाखान्यात पडले. त्या घरांतही आया प्रार्थना करतच असतील, हे मी त्या रात्री विसरू शकले नाही.

तो घरी आला त्या दिवशी रिकाम्या बाटल्या मी मागून घेतल्या. दोन्हींवर पिवळा त्रिकोण होता. बाटलीवर चौकोन उभा केलेला असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. अक्षरं मुंगीएवढी असतात, पण रंग अडाणी माणसालाही कळतो. हे वस्तीवर कुणालाच कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि त्यातलं एक औषध तेच होतं, जे मी गव्हासाठी घ्यायचं ठरवून ठेवलं होतं.

मग मी मंडळीतल्या एका तरुणाकडे गेले. त्याने शेतकी कॉलेज केलं आहे. त्याला विचारलं, हे औषध नाकतोड्याला लागू पडतं का? तो म्हणाला, "ताई, तुम्ही मारणार, नाकतोडे कमी होणार आणि तुम्ही म्हणणार औषधाने झालं. ते तसेही कमी झाले असते की नाही, हे कसं कळणार?" मला उत्तर देता आलं नाही. उगवल्यावर तीन आठवड्यांनी गहू निबर होतो, थंडी वाढते, नाकतोडा सुस्तावतो. तेव्हा फवारलं नाही तरी तो कमीच दिसतो. तो म्हणाला, फवारायचंच तर थोडं रान तसंच सोडा. काही न मारता. त्याला त्याने नाव दिलं कोरा पट्टा.

हा कोरा पट्टा म्हणजे काय ते मी त्याने समजावलं तसंच सांगते. समजा फवारलेल्या पट्ट्यात आधी शंभर नाकतोडे होते आणि तीन दिवसांनी तीस उरले. दुकानदार म्हणेल, सत्तर टक्के मेले. पण शेजारच्या कोऱ्या पट्ट्यातही शंभराचे साठच उरले असतील, तर चाळीस आपल्या मरणाने मेले किंवा निघून गेले. फवारलं नसतं तर साठ राहणारच होते, त्यातले तीस राहिले. म्हणजे औषधाचं खरं काम निम्मं. हा हिशेब अ‍ॅबट नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने 1925 साली मांडला आणि जगभर औषधं अजून त्याने तपासतात. चौथीच्या पोराला जमेल असं गणित आहे. फक्त कोरा पट्टा हवा.

आम्ही नोव्हेंबरात तीन घरांच्या गव्हात पट्टे आखले. चार प्रकार. एक कोरा, एकात नुसतं पाणी, एकात निंबोळी अर्क आणि एकात दुकानचं औषध. कुठल्या पट्ट्यात काय मारायचं हे कुणी ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. नाहीतर मन फसवतं, ज्याच्यावर आपला भरवसा असतो त्याला आपण नकळत चांगला पट्टा देतो. इंग्लंडातल्या रोथॅमस्टेड इथे फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात शेतातल्या प्रयोगांना ही शिस्त लावली. वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या आजींना हे फार आवडलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या मंडळीत पंच निवडताना चिठ्ठ्या टाकता तशाच की!" प्रेषितांनी मत्तियाला चिठ्ठ्या टाकूनच निवडलं, हे मी त्यांना सांगितलं. पोरांनी तारेची एक मीटर बाय एक मीटर चौकट केली. सकाळी थंडीत नाकतोडा उडी मारायला आळस करतो, तेव्हा चौकट ठेवायची आणि आतले मोजायचे. फवारणीनंतर मुलांना आत सोडलं नाही, मोजणी आम्ही मोठ्यांनी केली.

निंबोळी अर्काबद्दल थोडं सांगते, कारण ते आपल्या हातातलं आहे. पाच किलो निंबोळीचा गर कुटायचा, रात्रभर पाण्यात भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि शंभर लिटर करायचं. एका घरी जूनमध्ये वेचलेल्या निंबोळ्या विकण्यासाठी गोणीत ठेवलेल्या होत्या, त्याच आम्ही विकत घेतल्या. 1962 साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतल्या प्रधान, जोतवाणी आणि राय या शास्त्रज्ञांनी पिकांवर निंबोळीच्या गराचं पाणी मारून पाहिलं. टोळ आले, बसले आणि ती पानं न खाता गेले. त्याआधी 1959 मध्ये सुदानात श्मुटरर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञालाही हेच दिसलं होतं. टोळांनी सगळं फस्त केलं, कडुनिंब तेवढा हिरवा. पण लक्षात घ्या, कडुनिंबाने टोळ मेला नाही, त्याचं तोंड बंद झालं. म्हणून निंबोळीच्या पट्ट्यात मेलेले नाकतोडे शोधाल तर एकही सापडणार नाही आणि तुम्ही म्हणाल, फुकट गेलं. तिथे पानं मोजायची. नाकतोड्याला रोग लावणारी एक बुरशी आहे, आफ्रिकेत ती टोळांवर वापरतात. तिचंही असंच. मारायला तिला आठवडा-दोन आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी पाहिलं तर ती नापास. शेतकऱ्याला नापास वाटते म्हणून दुकानदार ठेवत नाही, आणि दुकानात नाही म्हणून शेतकऱ्याला माहीत नाही.

दुकानचं औषध मारायला वस्तीवरच्या कुणाला मी सांगितलं नाही. आपल्या पैशातून गमबूट, हातमोजे, चष्मा, मास्क आणि मापाचा पेला घेतला, आणि ते घालून त्या शेतकी कॉलेजच्या तरुणाने स्वतः फवारलं. सकाळी, वारा पाठीशी घेऊन. अर्ध्या तासात मास्क काढून म्हणाला, "ताई, हे घालून दिवसभर कोण राबेल?" तेही खरंच आहे.

आता काय दिसलं ते. औषधाच्या पट्ट्यात दुसऱ्या दिवशी नाकतोडे खरोखरच कमी झाले, यात वाद नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मात्र बांधाकडून नवे आत आले आणि तो पट्टा शेजारच्यासारखाच दिसू लागला. निंबोळीच्या पट्ट्यात नाकतोडे बसलेले होते, पण पानं कमी खाल्लेली. पाण्याचा आणि कोरा यांत फरक दिसला नाही. एका रानात तर मालकिणीने आम्हाला न विचारता बांधावरचं सगळं गवत विळ्याने कापून शेळ्यांना घातलं. मी चिडले, प्रयोग बिघडला म्हणून. आणि त्या रानात चारही पट्ट्यांत नाकतोडे कमी झाले, कोऱ्यातसुद्धा!

यावरून गवत कापणं हेच औषध, असं मी म्हणणार नाही. आमच्या प्रयोगात मोठी खोट होती. पट्टे अरुंद होते आणि नाकतोड्याला पट्टा कळत नाही. एका उडीत तो औषधातून निंबोळीत येतो. पट्टे रुंद हवेत, मोजणी मध्यभागी हवी, कडा सोडून. रानं तीनच होती आणि हंगाम एकच. त्या तरुणाने वहीवर लिहून दिलं आहे, "यावरून निष्कर्ष काढू नये". मी ती वही आणली आहे, कुणाला पाहायची असेल तर पाहा.

त्या आजींची एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्या म्हणाल्या, आम्ही लहान होतो तेव्हा बांधाला तितर इतके असायचे की नाकतोडा टिकायचाच नाही. तितर आम्हीच धरले हेही खरं, असंही त्याच म्हणाल्या. आता तितर धरायला कायद्याने बंदी आहे आणि धरायला तितरही फारसे नाहीत. पाखरं औषधाने कशी जातात याचा मोठा दाखला अर्जेंटिनातला आहे. 1995-96 च्या हंगामात तिथे नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस मारलं. ते नाकतोडे खायला उत्तर अमेरिकेतून आलेले ससाण्याच्या जातीचे पक्षी हजारोंनी रानात मरून पडले. जे फुकट राखण करत होते तेच गेले. आपल्या नान्नजचा माळढोकही नाकतोडे खातो. त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं, आज तो दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना बीएचसी पावडरीची आठवण आहे. ज्वारीवर हाताने उधळायचे, त्याच हाताने भाकरी खायचे. तिच्यावर 1997 साली बंदी आली. त्या काळी तीही खात्रीचं औषध म्हणूनच विकली जायची.

तर पैशाचं असं. एक पंप घेतला, तो वस्तीच्या मालकीचा आहे. संरक्षणाचे दोन संच घेतले. निंबोळ्यांचे पैसे दिले. तरुणाच्या दवाखान्याचा काही खर्च यातून केला. त्यासाठी आपल्याला आधी विचारायला हवं होतं, ते राहिलं, त्याबद्दल मी क्षमा मागते. बाकी रक्कम शिल्लक आहे.

त्या शिलकीसाठीच माझी विनंती आहे. या वर्षी पुन्हा नोव्हेंबरात आम्हाला पट्टे आखायचे आहेत. रुंद, जास्त रानांत, आणि कृषी विज्ञान केंद्राच्या माणसांना बोलावून. मी घरोघर गेले. निंबोळीला सगळे तयार आहेत. उन्हाळ्यात बांध खरवडायला तयार आहेत. औषधाच्या पट्ट्यालाही ना नाही. पण कोरा पट्टा म्हटलं की गप्प. शेवटी आजीच बोलल्या, "ताई, तुमच्या वहीसाठी माझा गहू नाकतोड्याला घालायचा, आणि माझी नातवंडं त्या महिन्यात काय खाणार?"

मोठ्या शेतकऱ्याला दोन गुंठे कोरे सोडायला काही वाटत नाही. अर्ध्या एकराच्या माणसाला दोन गुंठे म्हणजे महिन्याच्या भाकरी. म्हणून माझं मागणं असं, की शिल्लक रक्कम औषधाला न देता कोऱ्या पट्ट्यांसाठी राखून ठेवावी. फवारलेल्या पट्ट्यापेक्षा कोऱ्यात जेवढे किलो कमी निघतील, तेवढा गहू मळणीच्या दिवशी खळ्यावरच त्या घराला मोजून द्यायचा. तराजू मी आणीन. मोजायला मंडळीतल्या दोघांनी यावं, एक पंच आणि एक महिला मंडळाची भगिनी. नावं आज सभा संपल्यावर खजिनदारांकडे द्यावीत. निंबोळ्या दोन महिन्यांत पिकतील. ज्यांच्या अंगणात कडुनिंब आहे त्यांनी त्या झाडून टाकू नयेत, गोणी आम्ही पाठवू.